दफनवहीतील शेजारी

गेल्या नोव्हेंबरात, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, परदेशी स्थायिक झालेला आमचा पुतण्या माजिवड्याच्या घरी मुक्कामास होता. संध्याकाळी मेणबत्त्या लावून दफनभूमीतून परतताना त्याने सहज विचारले, "काका, आपल्या खापरपणजोबांची कबर कुठे आहे?" आम्ही त्याला सांगितले की, ते इथे नाहीत. आमचे घराणे माजिवड्यास आले ते आजोबांच्या काळात. त्यापूर्वीची सारी मंडळी साष्टीतील आमच्या मूळ गावच्या देवळाशेजारी निजली आहेत. "मग उद्या तिकडे जाऊ," तो म्हणाला. तेव्हा मात्र खरे काय ते सांगावे लागले. कबर तिथेही नाही.

मुंबई-ठाण्याकडे मृतांसाठी जागेची टंचाई काही आजची नव्हे. सामान्य माणसाची कबर काही वर्षांनी पुन्हा उघडली जाते, अस्थी गोळा करून बाजूला ठेवल्या जातात आणि त्याच मातीत दुसऱ्या कुणाला विसावा मिळतो. ज्यांच्या घरी कायमची जागा घेण्याइतका पैसा होता त्यांच्या नावाचा संगमरवर टिकला. आमच्यासारख्या शेतकऱ्यांच्या नावाचा लाकडी क्रूस काही पावसाळ्यांत कुजून गेला. मागे उरली ती फक्त देवळातील वही. त्या वहीच्या शोधात आमचे काही महिने गेले, आणि जे शोधायला गेलो होतो ते सापडल्यावरही मनाला स्वस्थता लाभली नाही. ती का लाभली नाही, हे वाचकांपुढे मांडावे असे वाटते.

अशा शोधाला निघालेले आम्ही एकटेच नाही. एके काळी भाताच्या खाचरांचे गाव असलेले माजिवडे आज पूर्व द्रुतगती महामार्ग आणि घोडबंदर रस्ता यांच्या तिठ्यावर उड्डाणपूल, मेट्रोचे खांब आणि मान वर करून पाहाव्या लागणाऱ्या इमारती यांच्या वेढ्यात उभे आहे. जमिनीचा भाव चढला की पूर्वजांचाही चढतो. सातबाऱ्यावर वारसनोंद करायची तर वंशावळ मांडावी लागते, आणि वंशावळ मांडताना कुणाचा बाप केव्हा वारला याचा पुरावा लागतो. इकडे २०२३ पासून सबंध महाराष्ट्र कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरे, मोडीतील कागद धुंडाळतो आहे. शिवाय आमच्या पुतण्यासारखी मुले आहेतच. परक्या देशात वाढताना "तुम्ही मूळचे कुठले?" या प्रश्नाला त्यांना उत्तर हवे असते. यातील कुठलाच हेतू हलका आहे, असे आम्ही म्हणत नाही.

आपल्या हिंदू शेजाऱ्यांना त्र्यंबकेश्वरी किंवा नाशकास गेल्यावर तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या घराण्याची नावे पिढ्यान् पिढ्या लिहिलेली सापडतात. यात्रेकरूने स्वतः सांगितलेली, स्वतःच्या सहीची नोंद असते ती. आपल्या पूर्वजांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या वह्यांशी असलेला आपला धागा तुटला. त्यानंतर आपला वंश सांगणारे कागद म्हणजे धर्मग्रामाच्या वह्या. पण त्या वंश सांगण्यासाठी लिहिलेल्याच नव्हेत, ही गोष्ट आपण विसरतो.

१५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने प्रत्येक धर्मगुरूला विवाहाची वही ठेवण्याचा आदेश दिला आणि बाप्तिस्म्याच्या वहीत धर्ममातापित्यांची नावे लिहिण्यास सांगितले. हेतू व्यवहारी होता. चोरून केलेली लग्ने थांबावीत, निषिद्ध नात्यात विवाह होऊ नयेत. मृतांची वही नियमात आली ती १६१४ साली, पोप पाचवे पॉल यांनी प्रसिद्ध केलेल्या रोमन विधिग्रंथाने. मृताचे नाव, वय, घर, मृत्यूचा दिवस, त्याने पापनिवेदन केले होते काय, अखेरचा ख्रिस्तप्रसाद व तैलाभ्यंग मिळाले काय, कोणाच्या हातून मिळाले आणि देह कुठे पुरला, एवढे लिहावे असा तो नमुना आहे. धर्मगुरू ही ओळ लिहीत असे ती आपल्या कर्तव्याचा हिशेब म्हणून. हा जीव माझ्या हाती सोपवलेला होता, त्याला मी अखेरपर्यंत पोहोचवले की नाही, याची ती कबुली आहे. पणतवंडे कधी काळी येऊन ती वाचतील, हा विचार त्याच्या मनाला शिवलाही नसेल.

ठाण्याच्या मातीत तर मृतांची आठवण वहीवाचूनही राहिलेली आहे. एप्रिल १३२१ मध्ये तोलेंतिनोचे थॉमस आणि त्यांचे तीन फ्रान्सिस्कन सोबती ठाण्यात रक्तसाक्षी झाले. डोमिनिकन धर्मबंधू जॉर्डन यांनी त्यांचे देह गोळा करून सोपाऱ्यास पुरले, आणि पुढे काही वर्षांनी ओदोरिक नावाच्या फ्रान्सिस्कन प्रवाशाने त्यांच्या अस्थी थेट चीनला नेल्या. देह इथल्या भूमीत उरले नाहीत. उरली ती एका सोबत्याने लिहिलेली पत्रे आणि एका वाटसरूने सांगितलेली हकीकत. दोघेही त्या मृतांचे कुणी रक्ताचे नव्हते.

असो. वहीकडे वळू. मराठ्यांनी १७३७ साली ठाणे आणि १७३९ साली वसई घेतली, १७७४ च्या अखेरीस ठाण्याचा किल्ला इंग्रजांकडे गेला. १८८६ च्या करारानंतर साष्टीतील अनेक देवळे दमण धर्मप्रांतात गेली आणि १९२८ नंतर मुंबईच्या अधिकाराखाली आली. इतक्या उलथापालथींतून, शिवाय वाळवी आणि कोकणी पावसाळा यांतून जी वही वाचली ती नशिबाची. आम्हांला पाहायला मिळालेल्या वहीत अक्षर आधी पोर्तुगीज बोलते, मग लॅटिन आणि शेवटी इंग्रजी. मराठी शब्द आढळतात ते पाड्यांच्या आणि शेतांच्या नावांपुरते.

शोधणाऱ्यांसाठी एक-दोन व्यवहारी गोष्टी इथेच सांगून टाकतो. आडनावावर विसंबू नये. आपल्या लोकांना ही आडनावे बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याकडून किंवा पाद्र्याकडून मिळाली. एका पाड्यातील दोन परेरा एकमेकांचे कुणी नसतात आणि सख्ख्या भावांचे वंशज दोन आडनावांनी वावरत असतात. बापाचे नाव, पाड्याचे नाव आणि घराण्याला गावाने दिलेले टोपणनाव ही तीन जुळली तरच माणूस आपला समजावा. दफनवहीतील वयही अंदाजाचेच असते. पन्नास, साठ, सत्तर असे गोल आकडे फार. घरच्यांनाच नक्की ठाऊक नसे, मग लिहिणारा काय करणार? त्या मानाने बाप्तिस्म्याची वही अधिक बोलकी. १९०७ च्या रोमच्या आदेशानंतर, १९०८ पासून, माणसाच्या विवाहाची नोंद त्याच्या बाप्तिस्म्याच्या ओळीशेजारी समासात करणे बंधनकारक झाले. त्यामुळे ती ओळ माणसाबरोबर वाढत जाते. दफनाच्या ओळीला असा समास नाही. तिच्यापुढे लिहायचे काही उरलेलेच नसते.

मूळ गावच्या फादरांनी आम्हांला कार्यालयात बसवले, वही स्वतः आणून टेबलावर ठेवली आणि एक अट घातली : फोटो काढायचा नाही, हवी ती ओळ कागदावर उतरून घ्या. पुतण्याच्या हातातला फोन खिशात गेला, पण चेहऱ्यावरची नाराजी गेली नाही. खरे सांगायचे तर आम्हांलाही ती अट जुनाट वाटली. आमच्याच माणसाची ओळ, आमच्याच देवळातली, मग एवढा पडदा कशासाठी?

आमचे पणजोबा १९१८ च्या तापाच्या साथीत गेले, एवढे घरात सांगत. तो ताप म्हणजे इन्फ्लुएन्झा. जून महिन्यात तो मुंबई बंदरात उतरला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याची दुसरी लाट आली ती घरेच्या घरे घेऊन गेली. वहीत ते पान उघडले तेव्हा अक्षरावरूनच साथ ओळखू आली. सप्टेंबरातील ओळी सावकाश, टोक काढलेल्या बोरूच्या. ऑक्टोबरात त्या आखूड होत जातात, मृताचा व्यवसाय गळतो, मग आईचे नाव गळते, मग नुसते नाव, वय आणि 'संस्कार न मिळता' एवढेच. एकटा म्हातारा धर्मगुरू किती घरी पोहोचणार? पणजोबांची ओळ सापडली. पुतण्याने ती उतरून घेतली, डोळे पुसले आणि वही मिटण्यासाठी हात पुढे केला.

आम्ही त्याला थांबवले. का थांबवले ते आता सांगता येत नाही. आमची नजर त्या ओळीच्या खालच्या ओळीवर गेली होती. तिथे नाव नव्हते. रस्त्याच्या कडेला मरून पडलेला एक परका, गळ्यातील पदकावरून ख्रिस्ती समजून पुरलेला, अंदाजे वय तीस. पणजोबांच्या शेजारी, बहुधा त्याच दिवशी, त्याच माणसांनी खणलेल्या खड्ड्यात. या माणसाच्या शोधात कधी कुणी वही उघडून बसणार नाही. मग आम्ही पान उलटून मागे मागे वाचत गेलो. न लग्न झालेल्या बहिणी, तीन दिवसांची मुले, मिशीसुद्धा न फुटलेले मजूर. ज्यांना मूल नाही त्यांचे वंशवृक्षात फार तर एक आखूड खुंटलेले डहाळे असते. बहुतेक वेळा तेही काढीत नाहीत. दफनवहीत मात्र त्यांची ओळ आठ मुलांच्या बापाच्या ओळीइतकीच लांब असते.

आणि मग १९११ साली, पोर्तुगीज अक्षरात, ती ओळ आली. नऊ दिवसांची मुलगी, नाव मारिया, घरीच सुईणीच्या हातून बाप्तिस्मा. 'पाय इन्कॉग्नितो', पिता अज्ञात. आणि आईचे नाव, तिच्या बापाचे नाव, पाडा, टोपणनाव. तिन्ही जुळत होती. ती पणजोबांची धाकटी बहीण होती.

तिला आम्ही लहानपणी पाहिले आहे. सारे घर तिला बाय म्हणे. पणजोबा आणि पणजी दोघेही त्या तापात गेल्यावर तिनेच आमच्या आजोबांना आणि त्यांच्या भावंडांना वाढवले, त्यांच्याबरोबर माजिवड्यास आली, लग्न केले नाही, रोज पहाटे मिस्सेला चालत जाई. घरात तिची कथा एका वाक्याची होती : भावाच्या पोरांसाठी बायने संसार केला नाही. आता आमच्या वहीच्या पानावर दुसरे वाक्य होते, आणि ते लिहिण्याची परवानगी आम्ही तिच्याकडे मागितलेली नव्हती.

फोटो न काढण्याच्या अटीचा अर्थ त्या क्षणी लागला. कॅनन कायद्याच्या ५३५ व्या नियमात धर्मग्रामाच्या वह्या परक्यांच्या हाती पडू नयेत याची जबाबदारी धर्मगुरूवर टाकलेली आहे, आणि जुन्या वह्या तर विशेष काळजीने जपायला सांगितले आहे. २००८ च्या एप्रिलमध्ये रोमहून जगभरच्या बिशपांना कळविण्यात आले की, अमेरिकेतील यूटा येथील वंशावळ संस्थेला धर्मग्रामाच्या वह्यांच्या प्रती काढू देऊ नयेत. ही संस्था मॉर्मन पंथीयांची. तिने जगभरच्या नोंदींची छायाचित्रे काढून कुटुंबाच्या इतिहासाच्या अभ्यासाला मोठेच साहाय्य केले आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्या पंथात मृतांच्या नावाने जिवंत माणसाला बाप्तिस्मा देण्याची चाल आहे, आणि आपल्या मृतांची नावे त्यासाठी वापरली जावीत हे ख्रिस्तसभेला मान्य नव्हते. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या वतीने कुणी हो म्हणू नये, असा त्यामागचा विचार आम्ही समजतो.

पण हाच विचार आमच्या दारातही येऊन उभा राहतो. बायला तरी नाही म्हणता येत होते काय? वारसासाठी, जातीच्या दाखल्यासाठी, परदेशातील दिवाणखान्यात टांगायच्या सुरेख वंशवृक्षासाठी आम्हीही मृतांना त्यांना न विचारता कामाला लावतोच. त्या मारियाचे नाव वंशवृक्षात लिहिले तर बायची झाकली गोष्ट उघडी पडते. न लिहिले तर नऊ दिवस जगलेला एक जीव, ज्याला त्या काळच्या कडक धर्मगुरूने कसलीही काटछाट न करता पवित्र भूमी दिली, त्याला त्याच्याच रक्ताची माणसे शंभर वर्षांनी बाहेर ठेवतात.

संत पौलाने तिमथ्याला न संपणाऱ्या वंशावळींच्या नादी लोकांनी लागू नये असे बजावले आहे, हे आम्हांला त्या रात्री फार पटले. पण मग संत मत्तयाने शुभवर्तमानाची सुरुवात वंशावळीनेच का केली? आणि केली ती केली, त्यात तामार आहे, राहाब आहे, उरीयाची पत्नी आहे. सोयीची नावे घेऊन पुढे जाता आले असते. तिथे मात्र एक भेद आहे, आणि तो आमच्या लक्षात यायला वेळ लागला. त्या स्त्रियांची कथा लोकांना आधीच ठाऊक होती. मत्तयाने ती उघड केली नाही, तिला मान दिला. बायची कथा कुणाला ठाऊक नव्हती, निदान आम्ही तसे समजत होतो.

वहीत जी नावे मुळीच नाहीत त्यांचाही विचार या निमित्ताने मनात आला. १९१७ च्या कॅनन कायद्यात जाणूनबुजून आत्मघात करणाऱ्याला ख्रिस्ती दफन नाकारलेले होते; १९८३ च्या कायद्यातील यादीतून तो उल्लेख गेला. बाप्तिस्म्याविना गेलेली बाळे दफनभूमीच्या कडेला, पवित्र न केलेल्या जागी पुरली जात. आज अशा बाळाच्या आईबापांचा बाप्तिस्मा देण्याचा हेतू असला तर बिशपांच्या परवानगीने ख्रिस्ती अंत्यविधी होऊ शकतो, आणि २००७ साली आंतरराष्ट्रीय धर्मज्ञान आयोगाने अशा बालकांच्या तारणाची आशा बाळगण्यास सबळ कारणे आहेत असे सांगितले. जुन्या वहीत त्यांची ओळ शोधू गेले तर मिळणार नाही. साथ नसलेल्या वर्षीही दोन नोंदींमध्ये कधी मोठे अंतर पडते. तिथे कुणी मेले नव्हते असे समजू नये.

शेवटी आम्ही आमच्या आत्याकडे गेलो. तिचे वय आज एक्क्याण्णव. बायच्या मांडीवर वाढलेली, घरातील ती एकच आता उरली आहे. पुतण्याचे मत होते की तिला सांगू नये, या वयात धक्का बसेल. आमचे मत असे की, ही गोष्ट कुणाची असेल तर ती तिची आहे. आम्ही दोघे केवळ वही वाचणारे. आम्ही ओळ उतरवलेला कागद तिच्यापुढे ठेवला आणि काय लिहिले आहे ते सांगितले. तिने कागदाकडे पाहिलेही नाही.

"तुम्हा शिकलेल्या लोकांना कुणी सांगितलं होतं उकरायला?" ती म्हणाली. मग बराच वेळ काही बोलली नाही. चहा झाला, पुतण्याच्या विमानाची चौकशी झाली. निघताना उंबऱ्यात आमच्याकडे न पाहता तिने विचारले, "नाव काय ठेवलं होतं म्हणालास?"

आम्ही सांगितले.

त्यानंतरच्या रविवारी तिने फोन केला. बायच्या नावाने मिस्सा द्यायची आहे, सोबत चल म्हणाली. बाप्तिस्मा झालेल्या नऊ दिवसांच्या बालकाला आमच्या प्रार्थनेची गरज नसते, हे धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही शिकलो आहोत. आत्याही शिकली आहे, आमच्याआधी तीस वर्षे. तरीही कार्यालयातील खिडकीशी तिने दोन नावे सांगितली. मिस्सेपूर्वी हेतू वाचले जातात, म्हणजे साऱ्या धर्मग्रामासमोर ही नावे उच्चारली जाणार होती. आम्ही हळूच तिला त्याची आठवण करून दिली. तिने ऐकले न ऐकले केले.

खिडकीतील मुलीने पहिले नाव आडनावासह लिहून घेतले, मग दुसरे नाव लिहिले आणि पेन तसेच धरून विचारले, "मारिया... आडनाव काय लिहू आजी?"

"तेच," आत्या म्हणाली. "आमचंच."